चौकट तीनशे बारा

६ जानेवारी

मौनीबाबा,

फोन तुम्ही उचलत नाही. निरोप पाठवले, ते वाचता की नाही देव जाणे. म्हणून कागद. कागद घरात येऊन पडतो, आणि पडलेला कागद तुम्हाला बघवत नाही, हे धाकटीकडून मला ठाऊक आहे.

आधी वाईट बातमी सांगते. मागच्या वर्षी तुम्ही नवराबायकोने ज्या चर्चमधल्या भिंतीचे फोटो काढलेत, तिचा उजवा कोपरा गेला. छपराची पन्हळ पानांनी तुंबली होती. पाणी कित्येक दिवस भिंतीत मुरत राहिलं आणि नोव्हेंबरात एका सकाळी दोन हात उंच, दीड हात रुंद गिलावा चित्रासकट खाली आला. फादरांनी झाडून टोपलीत भरून ठेवला आहे. मी पाहिला. माती आहे. जोडण्यासारखं काही नाही.

दुरुस्तीचं काम माझ्याकडे आलं आहे. एरवी अशा वेळी आम्ही भिंती सावरणारे हात टेकतो. गेलं ते गेलं, साधा गिलावा करायचा आणि गप्प बसायचं. पण इथे तुमचं जोडचित्र आहे. तुकड्यातुकड्याने काढलेले तीनशे बारा फोटो, म्हणजे चौकटी, जोडून केलेलं. लग्नघरात पाण्याचा द्राक्षारस झाला तो बायबलातला अख्खा प्रसंग त्यात आहे: मधे पाहुणे, खाली सहा रांजण, आणि दोन्ही टोकांना घडा घेतलेली एकेक वाढपी बाई. पडली ती उजव्या टोकाची. छापून टेबलावर पसरलं तर तिच्या पापण्या मोजता येतात. समितीने ठरवलं आहे की फोटोवरून ती बाई पुन्हा रंगवायची.

धाकटी गेल्याला सहा महिने झाले. या सहा महिन्यांत मला पहिल्यांदा जरा बरं वाटलं. हे काम तुम्हा दोघांना मीच मिळवून दिलं होतं. तिने रंगपट्टी धरली, तुम्ही बटण दाबलंत, आणि आज भिंत नाही पण तुमचं काम आहे. माझी बहीण फुकट राबली नाही.

एक मागणं आहे. प्रत्येक चौकटीची नोंद ती एका वहीत करायची. ती वही पाठवा. रंगांबद्दल काही लिहिलं असेल तर मला उपयोगी पडेल.

जेवता ना वेळेवर?

ताई


१९ जानेवारी

ताई, नमस्कार.

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. भिंतीचं वाचून वाईट वाटलं.

वही सापडत नाही. तिचं कपाट मी अजून उघडलेलं नाही. सापडली तर पाठवीन.

जोडचित्रावर तुम्ही फार विसंबू नये, असं मला वाटतं. उजव्या कोपऱ्यात खांब आडवा येतो. तिथे दिवे नीट लावता येत नव्हते. समितीला समजावून तो भाग साधा ठेवता आला तर बरं. तुम्हीच लिहिलं आहे की एरवी तसंच करतात.

जेवतो. सध्या कार्यालयांच्या ओळखपत्रांचे फोटो काढतो. काम बरं आहे. माणूस येतो, स्टुलावर बसतो, उठून जातो.

तुमची तब्येत सांभाळा.

आपला,
मौनीबाबा


२७ जानेवारी

मौनीबाबा,

तुमचा विनय तुमच्याजवळच ठेवा. धाकटी म्हणायची, 'यांची कुणी तारीफ केली की हे कॅमेऱ्याची पिशवी आवरायला लागतात.' तसंच झालं. मी कोपऱ्याची तारीफ केली आणि तुम्ही कोपराच रद्द करायला निघालात!

आता ऐका, मोठी गंमत आहे. मी दोन आठवडे त्या दोन बायांकडे बघते आहे. डावी भिंतीवर, उजवी तुमच्या फोटोत. दोघींची मान तितकीच झुकलेली, पापण्या खाली, ओठ मिटलेले. काल मी पारदर्शक कागदावर डावीचा चेहरा उतरवला, कागद पालटला आणि उजवीवर ठेवला. रेघेला रेघ! म्हणजे त्या चित्रकाराने एकच खाका केला आणि कागद उलटा करून दुसऱ्या टोकाला वापरला. खांद्यापासून खाली मात्र दोघी वेगळ्या आहेत. नुसते चेहरे एकाच खाक्यातले. या भिंतीबद्दल आजवर हे कुणालाच कळलेलं नव्हतं. तुमच्या चौकटी नसत्या तर मलाही कळलं नसतं.

फादर इतके खूश झाले की त्यांनी माहितीपत्रकात ते घालायचं ठरवलं. तुमचं आणि धाकटीचं नाव घेऊन. इस्टरच्या आधी छापून होईल.

माझ्या हाताखाली एक गवंडी आहे. गिलाव्यात हात चांगला आणि तोंड त्याहून चांगलं. तो म्हणतो, 'बाई, आळशी होता तुमचा चित्रकार. मी एका साच्यातून दोन कमानी काढल्या तर मालक ओरडतो, याचं मात्र कौतुक!'

आता थोडं दुसरं. हे मी समोर बसून विचारू शकले नसते. त्या परांचीवरच्या शेवटच्या दिवसांत धाकटीला काही होत होतं का? डोकं दुखणं, चक्कर, काही? तुम्ही हॉस्पिटलात म्हणाला होतात की सगळं अचानक झालं. मी तेव्हा जास्त विचारलं नाही. आता रोज तिथेच उभी असते, म्हणून मनात येतं.

ताई


५ फेब्रुवारी

ताई, नमस्कार.

खाक्याचं तुम्ही लिहिलं तसं असणं शक्य आहे. मला त्यातलं कळत नाही. पण माहितीपत्रकात आमची नावं नकोत. छापायचीही घाई करू नये, असं फादरांना सांगा. अशा गोष्टी नीट तपासून घ्याव्यात.

तुम्ही विचारलंत त्याबद्दल. तसं काही लक्षण नव्हतं. थकायची, पण परांचीवर सगळेच थकतात.

वही अजून मिळाली नाही.

आपला,
मौनीबाबा


१४ फेब्रुवारी

मौनीबाबा,

हे पत्र मी दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहिते आहे.

मंगळवारी गवंडी नवा गिलावा घोटत होता. दुपारी भाकरी खाताना तो टेबलावरच्या छापील चित्राकडे बघत बसला. मग बोट चाटून पुसलं आणि म्हणाला, 'बाई, एक विचारू? चित्रकाराने बाया उलट्यासुलट्या काढल्या, समजलं. पण भेगाही त्यानेच पाडल्या का?'

मी म्हटलं, 'कसल्या भेगा?'

डाव्या बाईच्या कपाळावरून नाकाच्या शेंड्यापर्यंत केसाएवढी एक भेग आहे. भुवईपाशी तिला फाटा फुटतो. ती भेग चित्र काढल्यावर कधीतरी, भिंत बसताना पडलेली. तुमच्या फोटोत उजव्या बाईलाही तीच भेग आहे. भुवईपाशी तसाच फाटा. फक्त आरशात दिसते तशी.

तीस वर्षं भिंती बघणाऱ्या बाईला हे दिसलं नाही, आणि गवंड्याला भाकरी खाता खाता दिसलं. मला दिसलं नाही कारण मला बघायचं नव्हतं. मी तिथे चित्र बघत नव्हते, धाकटीचं काम बघत होते.

खांब, दिवे, घाई करू नका, नावं नकोत. तुमची दोन्ही पत्रं पुन्हा वाचली. मौनीबाबा, तुम्ही कमी बोलता, पण खोटं बोलत नाही, असं मी आमच्या घरी वीस वर्षं सगळ्यांना सांगत आले. म्हणून सरळ विचारते. तो चेहरा कुणाचा आहे?

गिलावा वाळायला आठवडा आहे. पुढच्या सोमवारी मी चेहऱ्याला हात घालणार. समितीचे लोक बघायला येणार आहेत. एकदा भिंतीवर चढलं की शंभर वर्षं तेच खरं.

ताई


१७ फेब्रुवारी

ताई,

तो चेहरा खोटा आहे. डाव्या बाईचा आहे. मी उचलून उलटा करून बसवला.

सोमवारी हात घालू नका. हे पत्र वेळेत पोहोचावं म्हणून आजच देतो. सोबत जास्त पैसे भरून जलद टपालाने वही आणि एक डिस्क पाठवत आहे. वही माझ्या टेबलाच्या खणात होती. पहिल्या दिवसापासून होती.

झालं ते क्रमाने लिहितो. मला दुसऱ्या रीतीने लिहिता येत नाही.

प्रत्येक चौकटीचे आम्ही दोन फोटो घ्यायचो. पहिला रंगपट्टी धरून, म्हणजे नंतर रंग खरे लावता येतात. दुसरा पट्टी काढून. पट्टी लहान वहीएवढी असते, तिच्यावर रंगांचे चोवीस चौकोन. चित्राला काही टेकवायचं नाही, चिकटवायचं नाही. म्हणून ती भिंतीपासून दोन बोटं दूर, हवेत, हातानेच धरावी लागते. हे काम ती करायची. तीनशे अकरा चौकटी तिने धरल्या.

खांबाचा कोपरा आम्ही शेवटी ठेवला होता. तिथे खांबाला वळसा घालून तिचा हात एकाच ठिकाणी पोहोचत होता, त्या बाईच्या चेहऱ्यासमोर. म्हटलं, चालेल, दुसऱ्या फोटोत चेहरा येईलच. पण पट्टीचा फोटो हललेला आला. हात थरथरत होता. परत घेतला. परत हलला. तिने हात बदलला, मग दोन्ही हातांनी धरली. मी अकरा फोटो घेतले. अकराव्याला मी म्हणालो, 'तुला एवढं एकच तर काम आहे. तेही धड होत नाही.'

 तिने पट्टी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, 'जरा खाली जाऊन बसते.' मीही रागारागाने दिवे काढायला लागलो. पट्टीशिवायचा फोटो घ्यायचा राहिला. म्हटलं, उद्या घेऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला चहाचा कप उचलता आला नाही आणि आम्ही हॉस्पिटलात गेलो. मेंदूत गाठ होती. अडीच महिन्यांनी ती गेली. तोवर परांची उतरवली होती.

लक्षण नव्हतं असं मी तुम्हाला हॉस्पिटलात सांगितलं आणि मागच्या पत्रात पुन्हा लिहिलं. लक्षण होतं. माझ्यासमोर हातभर अंतरावर होतं आणि मी त्याच्यावर ओरडलो.

डॉक्टर म्हणाले, महिनाभर आधी आला असतात तरी काही फरक पडला नसता. पण ते त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून सांगितलं. त्यामुळे त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

ऑगस्टमध्ये समितीचं पत्र आलं, काम कुठवर आलं म्हणून. तीनशे अकरा चौकटी जोडल्या. शेजारच्या चौकटींत त्या बाईचा खांदा आला, घडा आला. चेहऱ्याच्या जागी भोक राहिलं. अकरा फोटो होते, पण प्रत्येकात तिचा हात होता. ते उघडायची माझी हिंमत झाली नाही. डावीचा चेहरा उचलला, पालटला, बसवला, कडा पुसल्या. पाऊण तास लागला. मनाशी म्हणालो, भिंत तर जागेवर आहे, कुणाला बघायचं असेल तर बघेल. तेव्हा लाजसुद्धा वाटली नाही. सुटलो असं वाटलं. लाज तुमच्या पहिल्या पत्राबरोबर आली. 'माझी बहीण फुकट राबली नाही' असं तुम्ही लिहिलं होतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्ही खाक्याचा शोध लिहून पाठवलात तेव्हा तर पायांवर लोळण घेऊन सांगायला हवं होतं. मी 'शक्य आहे' असं लिहिलं.

वहीचं शेवटचं पान वाचा. ती खाली बाकावर बसून लिहीत होती, मी वर दिवे काढत होतो. मी ते पान जुलैत वाचलं आणि वही खणात टाकली. चेहरा कसा होता तेही तिथेच लिहिलेलं आहे. म्हणजे खोटा चेहरा बसवताना तो खोटा आहे एवढंच नाही, खरा कसा आहे हेसुद्धा मला माहीत होतं.

समितीला मी वेगळं पत्र लिहितो आहे. तुम्ही माझ्यासाठी काही रदबदली करू नये.

मौनीबाबा


२ मार्च

वही मिळाली. डिस्क मिळाली.

शेवटचं पान मी इथे उतरवून ठेवते. आपल्या दोघांपैकी कुणी पुन्हा विसरायला नको. 'चौ. ३१२. बाई हसते आहे. वरचे दोन दात दिसतात. अख्ख्या भिंतीत हसणारी ही एकटीच. पट्टीचे अकरा झाले, साधा बाकी. हात महिनाभर असाच. आज सांगितलं तर काम थांबेल. उद्या एक फोटो झाला की यांना सांगेन.'

दोन आठवडे तुम्हाला लिहिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते टपालात घालण्यासारखं नव्हतं. गवंड्याने विचारलं, 'बाई, भिंतीवर राग काढताय का?' मी तीन दिवस नुसता जुना चुना खरवडत होते.

समितीची माणसं आली आणि परत गेली. तुमचं पत्र फादरांनी त्यांना वाचून दाखवलं. माहितीपत्रकाचा तो मजकूर काढला. फादर मला नंतर म्हणाले, 'कबुली ऐकणं हे माझं कामच आहे. टपालाने आलेली मात्र ही पहिलीच.' त्यांना हसू आलं नव्हतं, मला हलकं करायला म्हणाले.

आता कामाचं. तुम्ही लिहिलंत की अकरा फोटोंत तिचा हात आहे म्हणून ते वाया गेले. मी ते उघडले. उघडताना माझाही हात चालेना, पण उघडले. मौनीबाबा, तुम्ही फोटो काढणारे ना? मग एवढं कसं सुचलं नाही? हात थरथरत होता. पट्टी एका जागी नाही. एकात वर सरकली आहे, त्यात ओठांची कड दिसते. एकात डावीकडे झुकली आहे, त्यात एक डोळा अख्खा आहे. तिने हात बदलला तेव्हा गाल उघडा पडला. तुम्ही ज्या थरथरण्यावर ओरडलात, त्यानेच तो चेहरा थोडा थोडा दाखवून ठेवला आहे.

ते तुकडे जुळवणं मला येत नाही. येत असतं तरी मी केलं नसतं. ते तुम्ही करायचं. पट्टी हलली आहे, कॅमेरा नाही, तेव्हा जुळेल. जिथे अकरांपैकी एकातही काही दिसत नाही, तिथे काही भरायचं नाही. एक ठिपकासुद्धा नाही.

ताई


१९ मार्च

ताई, नमस्कार.

चित्र पाठवत आहे. सतरा दिवसांतले नऊ दिवस कामाचे झाले. बाकीचे दिवस मी मशीन सुरू करून समोर बसत होतो.

कसं केलं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला तपासता येईल. प्रत्येक फोटोत आधी तिच्या बोटांच्या कडेकडेने रेघ ओढायची, मग पट्टीच्या कडेने, आणि तेवढा भाग कापून काढायचा. उरलेली भिंत खरी. असे अकरा थर एकावर एक ठेवले. पट्टी हलली म्हणून तिचे रंग थोडे फराटलेले आहेत, पण भिंत स्थिर आहे. म्हणजे भिंतीचा फोटो अकराही वेळा चांगला आला होता. मी तेव्हा नुसती पट्टी बघत होतो.

म्हणजे मला तिचा हात अकरा वेळा कापून बाजूला काढावा लागला. तुम्ही हे काम मलाच करायला का लावलंत, ते दुसऱ्या दिवशी कळलं.

चौथ्या फोटोत अंगठी बोटात फिरून आत गेलेली आहे. इतकी सैल. बोटं इतकी बारीक झाली होती. सहाव्यात अंगठ्याचं नख पांढरं पडलं आहे, इतकी तिने पट्टी घट्ट धरली होती. नवव्यात तिने डाव्या हाताने स्वतःचं उजवं मनगट धरलं आहे. नवव्यानंतर मी आणखी दोन घेतले, ताई. प्रत्येक फोटोवर वेळ छापलेली असते. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सहा मिनिटं. सहा मिनिटं तिने हात वर धरून ठेवला.

बाई हसते आहे. दोन दात दिसतात. त्यातला एक जरा वाकडा आहे. डोळे खाली नाहीत, पाहुण्यांकडे आहेत. जणू तिला आतली गोष्ट आधीच कळली आहे आणि पाहुणे उगाच नवल करताहेत. कपाळावर भेग नाही.

हनुवटीच्या खाली एक जागा मात्र कशातच उघडी नाही. कधी तिथे पट्टी आहे, कधी तिचा अंगठा. ती मी राखाडी ठेवली आहे. साधारण अंगठ्याएवढीच आहे.

जुनं जोडचित्र समितीकडून परत मागवून त्यावर मी लिहून दिलं आहे की चौकट ३१२ मी बनवलेली होती. कुणी माझ्याकडे काम घेऊन आलं तर त्यालाही आधी हे दाखवतो. दोघांनी पाहिलं आणि काम नेलं परत. ते बरोबर आहे.

मौनीबाबा


२४ एप्रिल

मौनीबाबा,

चेहरा झाला.

बारीक उभ्या रेघांनी रंगवला आहे. लांबून चित्र दिसतं, जवळ जाऊन पाहिलं तर नवं काम कुठलं ते कुणालाही कळतं. त्यात लपवालपवी नाही. वाकडा दात वाकडाच ठेवला. पहिल्या रविवारी लोक येऊन बघत उभे राहिले, एक म्हातारी म्हणाली, 'ही आधी पण हसत होती. मी लहानपणी हिच्याकडेच बघत बसायची.' एवढी वर्षं चर्चमध्ये येणाऱ्या बाईला आधी विचारायचं आम्हा शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही!

हनुवटीखालची जागा मी कोऱ्या गिलाव्याची ठेवली. गवंडी माझ्या मागेच लागला. 'एवढंच का सोडलं, बाई? दोन मिनिटांचं काम. लोक म्हणतील, गवंड्याने भोक बुजवलं नाही.' मी म्हटलं, 'तिथे काय होतं ते माहीत नाही, म्हणून.' मग त्याला वहीचं शेवटचं पान वाचून दाखवलं. तो गेला आणि आपल्या अंगठ्याने त्या जागेचा गिलावा आणखी एकदा गुळगुळीत करून आला.

तुमच्या पत्रांत कुठेही तुम्ही माफी मागितलेली नाही, हे माझ्या लक्षात आलं आहे. बरं केलंत. मी दिली नसती. ती द्यायचा हक्क धाकटीचा होता, आणि ती तर उद्या सांगणार होती.

पण आता माझंही ऐका. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मागच्या वर्षी, भिंतीचं काम सुरू व्हायच्या आधी, फेब्रुवारीत धाकटी माझ्याकडे चार दिवस राहून गेली. एका सकाळी तिच्या हातातून कप पडला. दुसऱ्या दिवशी बशी. मी म्हटलं, 'लहानपणापासून वेंधळी ती वेंधळीच.' तिलाच फडकं दिलं आणि फरशी पुसायला लावली. ती हसत हसत पुसत होती. आणि एवढं होऊन मी तुम्हाला विचारायला निघाले, की लक्षण काही होतं का.

आता समितीला अख्ख्या भिंतीचे नव्याने फोटो हवे आहेत. मी सांगितलं, तुम्हीच काढाल. दोघेजण कुरकुरले. मी म्हटलं, 'या माणसाइतकं आता कुणी जपून काढणार नाही. नाहीतर दुसरा शोधा, आणि भिंतीला माझ्या जागीही दुसरी शोधा.' मग होकार दिला.

परांची पुढच्या शुक्रवारपर्यंत आहे. खांबाच्या कोपऱ्यापासून सुरू करा, तो शेवटी ठेवू नका. रंगपट्टी मी धरीन. माझंही वय झालं आहे, हात फार वेळ वर राहत नाही. थरथरला तर आधी विचारा.

ताई


२९ एप्रिल

ताई, नमस्कार.

गुरुवारी सकाळी पोहोचतो. दोन दिवसांचं काम आहे.

कॅमेरा परांचीवर मी लावून देईन. कुठलं बटण दाबायचं ते तुम्हाला दाखवतो, अवघड नाही. पट्टी मी धरणार आहे. इतक्या वर्षांत मी ती एकदाही धरलेली नाही. काल घरी धरून बघितली, भिंतीपासून दोन बोटं दूर, घड्याळ समोर ठेवून. दुसऱ्या मिनिटाला माझा हात हलायला लागला.

वही बरोबर आणा. पुढच्या नोंदी तिच्याच वहीत करायच्या आहेत.

मौनीबाबा